भिंतीवर पाणी सोडू नये

बांधकामावर तिला सगळे गोधडीताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण जिथे भिंतीच अजून उभ्या राहिलेल्या नाहीत, तिथे पाठीमागचं बोलणं लपणार कुठे? तिला ते पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तिने मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला तिच्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

नाव पडलं ते तिच्या कामावरून. जाडजूड काँक्रीट ओतलं की ते आतून तापतं. त्याला ना चूल लागते ना ऊन. सिमेंटला पाणी लागलं की त्याच्या अंगातूनच ऊब सुटते. पातळ स्लॅब असेल तर ती ऊब इकडेतिकडे निघून जाते, कोणाला पत्ताही लागत नाही. पण भिंत इतकी जाड असेल की तिच्या माथ्यावर माणसाने आडवं झोपावं, तर मधल्या उबेला बाहेर पडायची वाटच सापडत नाही. मधला भाग तापून फुगतो, वरची कातडी वाऱ्याने गार होऊन आखडते, आणि या ओढाताणीत भिंत उकलते. म्हणून अशी भिंत गार करायची नसते, पांघरायची असते. कातडीही उबदार ठेवायची आणि आतबाहेर मिळून सावकाश निवू द्यायचं. तापलेल्याला गोधडी घालायची ही गोष्ट बांधकामावर कोणाला पटत नसे. तिने पटवायचं सोडून दिलं होतं. ती फक्त येऊन गोधड्यांची टोकं खोचून जायची.

तिचं खरं काम टेबलावरचं. स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि तिचा संगणक. त्या संगणकात ती भिंत ओतली जाण्याआधीच ओतायची. भिंतीचे हजारो चिमुकले ठोकळे पाडायचे. मग प्रत्येक ठोकळा शेजारच्याला विचारणार, बाबा तू किती तापलायस? शेजारी जास्त तापलेला असेल तर त्याच्याकडून थोडी ऊब घेणार, कमी असेल तर त्याला देणार. अशी देवघेव करत करत भिंतीचे दोन आठवडे पडद्यावर बघता बघता सरायचे. मधे तांबडं, कडेला निळं. तांबड्या-निळ्यात वीस अंशांहून जास्त अंतर पडलं की तिचा हात आपसूक पडद्यावर जायचा, जणू भिंत खरोखरीच समोर उकलतेय.

तशी ती मुळातच चैन न पडणारी. घराला कुलूप लावायला तिची एक फेरी व्हायची आणि लागलंय का ते बघायला तीन. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे ना, हे बघायला ती त्याला जागं करी. नवरा म्हणायचा, "हिला काळजी करायला काही नसलं, तर काही राहून तर गेलं नाही ना याची काळजी लागते."

त्या वर्षी मात्र शोधायची गरज नव्हती. तिची नणंद, जिला ती रीतीप्रमाणे वन्सं म्हणे, तिच्या घरीच राहायला आली होती. ऑपरेशन झालं होतं, औषधाचे फेरे चालू होते, आणि ते संपले की शेक घ्यायचा होता. यंत्राने किरणांचा जो उपचार करतात त्याला आजारी माणसं शेकच म्हणतात. शेकाचं यंत्र दूरच्या शहरात. पहाटेची बस, दुपारपर्यंत रांग, संध्याकाळची बस, आणि हे रोज, काही आठवडे. वन्संनी ती बस पाहिलेली होती. नवऱ्याला घेऊन त्यांनी त्याच बसमधून खेपा केल्या होत्या, आणि शेवटच्या खेपेला परतताना त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

"औषधं घेईन," वन्संनी डॉक्टरांसमोरच सांगून टाकलं होतं. "सुया टोचा, केस जाऊ देत, ते सगळं चालेल. पण त्या बसमध्ये मी परत पाय ठेवणार नाही. इथे खोली झाली तर शेक घेईन. नाही झाली तर राहू द्या."

"वन्सं, असं कसं म्हणता?"

"तोंडाने म्हणते."

खोली म्हणजे गावातल्या रुग्णालयातली शेकाची नवी खोली. यंत्र येऊन खोक्यांत बसलेलं. खोलीच्या भिंती किरणं बाहेर जाऊ नयेत एवढ्या जाड लागतात, आणि त्यातली सर्वांत जाड भिंत अजून ओतायची होती. रुग्णालयाच्या इंजिनिअरांचा, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, विचार होता की ही भिंत तुकड्यातुकड्यांत ओतावी, म्हणजे तापणार नाही. तिने सांगितलं की तुकडे आले म्हणजे सांधे आले, आणि सांध्यांतून किरणं वाट काढणार नाहीत यासाठी पुन्हा वेगळा खटाटोप. अख्खी भिंत एकदम ओता, नीट पांघरा, ती उकलणार नाही. तिने पडद्यावर सगळं दाखवलं.

चष्मेवाले बराच वेळ तांबड्या-निळ्याकडे बघत राहिले. "तुमच्या शब्दावर ओततो," ते म्हणाले. "आरपार भेग गेली तर भिंत पाडावी लागेल. आणि मग या वर्षी खोली होणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

लक्षात ठेवायला तिला कोणी सांगायला नको होतं. औषधाचे फेरे संपणं आणि खोली तयार होणं, यांचा मेळ कसाबसा जेमतेम बसत होता. भिंत पाडली तर मेळ संपला. आणि वन्संचा शब्द म्हणजे शब्द, हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

ओतायच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. लोखंडी साचे काढायचे नाहीत. माथ्यावर आधी प्लास्टिक, त्यावर गोधड्या, साच्यांच्या बाहेरूनही गोधड्या. पाणी अजिबात नाही. प्लास्टिकखाली भिंतीचा स्वतःचाच घाम तिला पुरतो. आणि कोणी विसरू नये म्हणून तिने ठेकेदाराला पाटी रंगवून लावायला सांगितली. मजकूर तिनेच दिला: या भिंतीवर पाणी सोडू नये.

पाटी लागली आणि ठेकेदार पोट धरून हसला. हा ठेकेदार अंगाने रुंद आणि बोलायला मोकळा. "ताई, आम्ही कशाला पाणी सोडू हिच्यावर? अजून तर जन्मायचीय बिचारी. आम्ही आशा सोडलेली नाही."

तिच्याही लक्षात आलं. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं म्हणजे ती आपली नव्हेच असं समजून तिचा नाद सोडणं. तीही हसली. पाटी बदलावी असं क्षणभर मनात आलं, पण रंग अजून ओला होता आणि ट्रकच्या वेळा ठरवायच्या होत्या. राहून गेलं.

भिंत ओतली गेली. उष्णता मोजणाऱ्या तीन तारा ठेवल्या होत्या: एक भिंतीच्या पोटात, एक माथ्याच्या कातडीखाली, एक बाहेर हवेत. त्यांचे आकडे तिच्या फोनवर यायचे. पडद्यावरच्या भिंतीने आधी आखून ठेवलेली रेघ आणि खऱ्या भिंतीची रेघ, दोघी हातात हात घालून चढत गेल्या. तिला कौतुक वाटलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण तिला सुरळीत गोष्टींचा भरवसा नसे. भाजी चिरताना फोन, जिना चढताना फोन, आंघोळीला जाताना फोन बाहेरच्या स्टुलावर.

"हिला बाळ झालंय म्हण ना," वन्सं भावाला म्हणाल्या. "दर घटकेला उठून बघतेय."

तिसऱ्या दिवशी वन्संचा औषधाचा फेरा होता. रुग्णालयाच्या लांबट खोलीत सलाईन थेंब थेंब उतरत होतं, वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या, आणि ती शेजारच्या स्टुलावर एकदा थेंबांकडे आणि एकदा फोनकडे बघत होती. तेवढ्यात कातडीखालचा आकडा पडला. उतरला नाही, पडला. जिन्याची पायरी चुकावी तसा. पोट तापलेलंच होतं. अंतर वीसच्या पार गेलं.

ती उठून व्हरांड्यात गेली आणि ठेकेदाराला फोन लावला.

"गोधड्या आहेत ना जागेवर?"

"आहेत, ताई. तुमची भिंत आमच्यापेक्षा सुखात आहे."

"मग वरचा आकडा कसा पडला?"

"तो तुमच्या फोनमध्ये पडला, ताई. इथे काही पडलेलं नाही. आत्ता जेवून भिंतीच्या कडेनेच आलो."

ती परत येऊन बसली. हळूहळू आकडा वर सरकला, पण रेघ आता पडद्यावरच्या रेघेच्या खालून चालत होती. तार सैल झाली असेल. एखादी गोधडी वाऱ्याने सरकून परत बसली असेल. वन्संनी एक डोळा उघडला.

"काय गं?"

"काही नाही, वन्सं."

"तू काही नाही म्हणालीस की मला घाम फुटतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा पुन्हा पडला. तसाच, त्याच सुमाराला.

आता तिला खुर्चीत बसवेना. ती उभ्यानेच संगणकावर वाकली. पडद्यावरच्या भिंतीचं कुठे बिनसलं हे शोधायची एकच रीत होती: खऱ्या भिंतीवर जे जे होऊ शकतं ते ते खोट्या भिंतीवर करून बघायचं. आधी तिने वारा वाढवला. रेघ जरा कलली, एवढंच. मग अर्ध्या तासासाठी गोधड्या काढून टाकल्या. रेघ उतरली खरी, पण म्हातारं माणूस जिना उतरतं तशी, एकेक पायरी चाचपत. असा धाडकन पडणारा आकडा कशानेच मिळेना. वारा आणि उघडं अंग दोन्ही मिळूनही मिळेना. तिने केस मागे सारले, पंखा बंद केला, परत चालू केला.

मग तिने गार पाणी घातलं.

खोटी रेघ खऱ्या रेघेवर जाऊन बसली, जशी एका कापडाची घडी दुसरीवर बसावी.

रिक्षा मिळेपर्यंतही तिला धीर नव्हता. अर्धी वाट चालत, अर्धी धावत ती बांधकामावर पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी चालू होती. कामगार सावलीत पांगलेले, कोणी डबा पुसतोय, कोणी टोपी तोंडावर घेऊन आडवा. पाटी आपल्या जागी होती. आणि भिंतीच्या माथ्याशी, परांचीवर उभे राहून, एक वयस्कर गृहस्थ गोधडीचं टोक नीट दुमडून, प्लास्टिक बाजूला करून, रबरी नळीने भिंतीला पाणी घालत होते. घालण्यातही माया होती. नळीच्या तोंडावर अंगठा धरून त्यांनी धार मऊ केली होती.

हे पाणीवाले काका. ताज्या सिमेंटला पाणी मारणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम.

"काका, पाणी बंद करा."

"झालंच, ताई. एवढा कोपरा."

"काका, आधी बंद करा."

त्यांनी नळी मुडपून धरली. आवाजात काहीतरी वेगळं आहे हे त्यांना कळलं.

"तुम्हाला पाटी दिसली नाही का?"

"दिसली की. म्हणून तर." काका खाली बघून बोलत होते. "तुम्ही सगळ्यांना सांगितलंत त्या दिवशी मी नव्हतो, सुनेला माहेरी सोडायला गेलो होतो. आलो तर भिंत कोरडी ठणठणीत, वर गोधड्या, आणि हात लावला तर चटका. एक माणूस तिला पाणी मारायला तयार नाही. मी या पोरांना विचारलं, काय रे, सोडली काय भिंत? तर ठेकेदार म्हणाले, पाटी वाचा, ताईंनी लिहिलंय, आशा सोडायची नाही. मग म्हटलं, बाकीच्यांनी सोडली असेल, मी नाही सोडणार. दुपारी नळाला जोर असतो."

"पाणी सोडू नये म्हणजे पाणी मारू नये, काका."

काकांनी पाटीकडे पाहिलं. मग नळीकडे. "पाणी मारतात, ताई. नाहीतर देतात. सोडतात ते…" त्यांनी वाक्य अर्धवट टाकलं.

एव्हाना ठेकेदार धापा टाकत वर आला होता. त्याला आपली थट्टा आठवली असावी, कारण त्याचा चेहरा उतरला आणि दुसऱ्याच क्षणी तो काकांवर घसरला. "एवढं कळत नाही? उद्यापासून येऊ नका."

"कोणी कुठे जाणार नाही," ती म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली होती. ओल्या माथ्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, केसासारखी एक रेघ गेली होती. पाणी तिच्यात झिरपत होतं.

खाली कोणीतरी डबा आपटून बंद केला.

तिने पर्समधून भेगेची रुंदी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा काढला. सगळ्यांत पातळ पातं रेघेत शिरलं. त्याच्या पुढचं शिरलं नाही. तिने पेन्सिलने रेघेच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या. ओल्या सिमेंटवर पेन्सिल घसरली, त्यामुळे खुणा वाकड्या आल्या.

"लेप मारून टाकू, ताई," ठेकेदार हलक्या आवाजात म्हणाला. "पातळ सिमेंट ओतलं की मिटली. साहेबांना कळायचं कारण नाही."

"आता भरली तर कायमची उघडी राहील. आत अजून धग आहे. ती निवली, पोट आत आलं, की ही भेग आपोआप मिटायला बघेल. तेव्हा मधे सिमेंटची पाचर असली तर कशी मिटेल?"

"आणि आरपार असली तर?"

"तर नाही मिटणार."

संध्याकाळी तिने चष्मेवाल्यांना सगळं सांगितलं. त्याआधी पडद्यावर भिंत पुन्हा ओतली होती, या वेळी दोन दुपारच्या दोन पाण्यांसकट. संगणक म्हणत होता की ओढ वरच्या चार बोटांतच आहे, खाली भिंत आवळलेली आहे, भेग तिथे शिरू शकत नाही.

"हाच संगणक आधी म्हणाला होता की भेग पडणारच नाही," चष्मेवाले म्हणाले.

"तेव्हा त्यात काका नव्हते."

त्यांना हसू आलं नाही. "निवेपर्यंत थांबतो. मग उघडून बघू. मिटली तर पुढे जाऊ, नाही तर पाडू. तोवर तिला कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

ते शेवटचं तिला लागलं, कारण खरं होतं. निघण्याआधी ती परत माथ्यावर गेली होती, गोधडीचं टोक चिमटीत धरलं होतं, आणि एकदाच बघू म्हणून उचलणार इतक्यात काका खालून म्हणाले होते, "ताई, गार लागेल तिला."

जुनी पाटी काढून नवी लावली: पाणी मारू नका. काकांनीच ती खिळ्याने ठोकली. भिंतीची राखणही तिने त्यांनाच दिली. ठेकेदाराला ते रुचलं नाही, पण पाटीच्या थट्टेवरून तो जरा दबून होता.

"मग मी करायचं काय?" काकांनी विचारलं.

"काही नाही. कोणाला गोधडी उचलू द्यायची नाही."

"काही न करायची मला सवय नाही, ताई."

"मलाही नाही," ती म्हणाली.

थांबणं सुरू झालं. आकडे सावकाश उतरत होते, आणि ते सावकाश उतरायला हवे होते, आणि तिला ते लवकर उतरायला हवे होते. ऑफिसात तिने दुसऱ्याच कोणाच्या पुलाचे पाय तापवायला घेतले आणि दोनदा चुकीचं सिमेंट घातलं. तिने घरातली सगळी कपाटं आवरली. मुलीच्या वसतिगृहावर दिवसातून तीनदा फोन केला, तेव्हा मुलीने विचारलं, "आई, माझी काळजी चाललीय की दुसरी कुठली काळजी माझ्यावर काढतेयस?" तिने जेवलीस का विचारलं.

वन्संना या खेपेच्या औषधाने चांगलंच पाडलं होतं. थंडी वाजायची, मग अंग तापायचं, मग पुन्हा थंडी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन-चार दिवस असं होईल, पडून राहू द्या, ताप फार चढला तरच फोन करा. पण ती वन्संना पडून राहू देईना. जाता येता पांघरूण उचलायचं, कपाळाला हाताची मागची बाजू लावायची, पायाला हात लावायचा, पांघरूण सोडायचं, पुन्हा उचलायचं.

"अगं," वन्सं शेवटी पांघरुणाच्या आतून म्हणाल्या, "दर खेपेला गार वारा आत येतो. जरा ऊब धरू दे की मला."

तिने पांघरूण सोडलं आणि तिथेच पलंगाच्या कडेवर टेकली.

"भेग पडलीय ना भिंतीला?" पांघरूण बोललं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू. फोनवर. तुझं हळू बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू जातं." वन्संनी तोंड बाहेर काढलं. डोक्यावरच्या रुमालाखाली चेहरा लहान दिसत होता. "आणि तेव्हापासून तू माझ्याकडे बघतेस ती भिंतीकडे बघितल्यासारखी."

"मिटेल ती. मिटायला हवी."

"आणि नाही मिटली तर मला बसमध्ये कसं घालायचं, याचा विचार चाललाय."

चाललाच होता. टॅक्सी करावी, शहरात खोली घ्यावी, नवऱ्याने रजा काढावी. सगळं मनात मांडून झालं होतं.

"नाही जायची मी," वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नाही. "हट्ट म्हण. त्या बसच्या खिडकीतून दिसणारं एकेक झाड मला पाठ आहे. कुठलं झाड आलं की ते पाणी मागायचे, कुठलं आलं की डोकं माझ्या खांद्यावर टाकायचे. मी ते परत नाही बघू शकत. पण ऐक, तोवर माझ्यावर पाणी सोडून बसू नकोस. आत्ता मी आहे. आणि मला थंडी वाजतेय."

तिने दुसरं पांघरूण आणलं, घातलं, कडा खोचल्या. मग हात मागे घेतले. घड्याळाकडे न बघता, कपाळाला हात न लावता ती तिथे बसून राहिली, आणि एवढं कठीण काम तिने पुष्कळ दिवसांत केलं नव्हतं. पांघरूण वरखाली होत होतं. काही वेळाने वन्संना झोप लागली.

भिंतीच्या पोटाचा आकडा आणि हवेचा आकडा शेवटी शेजारी शेजारी आले, तेव्हा चष्मेवाल्यांनी दिवस ठरवला. सकाळचं कोवळं ऊन होतं. परांचीवर चौघं चढले: चष्मेवाले, ठेकेदार, काका आणि ती. काकांनी एकेक गोधडी उचलून घडी घातली. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब होते.

"कुठे होती?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

तिला दिसेना. क्षणभर वाटलं आपण भलत्याच जागी उभे आहोत. मग पेन्सिलच्या दोन वाकड्या खुणा दिसल्या, आणि त्यांच्या मधे, आता तिथे आहे हे माहीत असलं तरच दिसावी, अशी एक पुसट रेघ. तिने पातं लावलं. गेलं नाही. दुसरीकडे लावलं. तिथेही गेलं नाही. चष्मेवाल्यांनी तिच्या हातातून पातं घेऊन स्वतः लावून बघितलं, मग सोबत आणलेलं आवाजाचं यंत्र रेघेच्या दोन बाजूंना टेकवलं. भिंतीतून आवाज पाठवून भेग किती खोल गेली ते त्यावर कळतं. त्यांनी तीन जागी बघितलं, चष्मा वर सरकवला आणि पहिल्या जागी पुन्हा बघितलं.

"चार बोटंसुद्धा नाही," ते म्हणाले. "पण माझ्या डोळ्यांनी बघू दे. थोडं पाणी उभं करा इथे."

तिने मान डोलावली. भिंत आता निवली होती, त्याची भीती नव्हती. तरी ती म्हणाली, "काका, नळाचं नको. पिंपात सकाळपासून आहे ते आणा." मग थांबून म्हणाली, "आणि भिंतीवर सोडा."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली ठोकलेल्या पाटीकडे, मग ठेकेदाराकडे.

"लेखी द्याल का, ताई?"

ठेकेदार आधी हसला, मग खोकला आला असं दाखवून तोंड फिरवलं.

रेघेभोवती ओल्या मातीची इवलीशी पाळ घातली आणि काकांनी तांब्या वाकडा केला. त्या दुपारी पाणी रेघेत झिरपताना तिने पाहिलं होतं. आता ते पाळीच्या आत पसरलं, थरथरलं आणि थांबलं. चौघंही वाकून बघत राहिले. वाऱ्याने पाण्यावर सुरकुती आली, गेली. पातळी जिथे होती तिथेच होती. काकांनी पाळीच्या कडेला नखाने खूण केली, कोणी सांगितलं नसताना.

"तासभर बघू," चष्मेवाले म्हणाले, पण ते बोलताना त्यांनी यंत्र पिशवीत ठेवायला घेतलं होतं. "छताची तयारी करायला हरकत नाही."

ठेकेदार खाली ओरडायला निघालाच. ती मात्र हलली नाही. पाण्याच्या एका कडेने बघ, दुसऱ्या कडेने बघ, नखाची खूण बघ. काकांनी एक पालथी बादली आणून तिच्या मागे ठेवली. ती त्या बादलीला वळसा घालून पुन्हा पाण्याशी गेली.

फोन वाजला. वन्संचा होता.

"बोल लवकर. मी किती वेळ फोन हातात धरून बसलेय."

"पाणी उभं आहे, वन्सं. आत जात नाही."

"मराठीत सांग."

"भिंत राहिली. खोली होणार."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता आणि ती तो मोजत होती.

"म्हणजे बस नाही?" वन्संनी विचारलं.

"बस नाही."

"मग आता तू बस," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या चपला वाजतायत इथपर्यंत."

तिने मागे हात नेऊन बादली चाचपली आणि बसली. नजर पाण्यावरच होती.